हॅटी मॅक्डॅनियल : जाब कोणाला विचारायचा?

हॅटी मॅक्डॅनियलचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. अभिनयाचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, ही एक. तिने जन्मभर गोऱ्या मालकिणींच्या मोलकरणी रंगवल्या, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा की दुसरीची लाज, यावर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात ऐंशीहून अधिक वर्षे वाद चालू आहे. तिच्या हयातीत तो वर्तमानपत्रांतून आणि सभांतून झाला, पुढे विद्यापीठांत गेला, आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीला तसलीच भूमिका मिळाली की अजूनही डोके वर काढतो. तिने दार उघडले की आपल्या माणसांची मान खाली घातली, असा त्या वादाचा साचा ठरून गेला आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. त्या चित्रपटांवर घेतलेले आक्षेप जवळजवळ सगळे खरे होते. पण त्यांचे खापर तिच्या डोक्यावर फोडणे हा अन्याय होता, आणि त्या अन्यायामुळे ज्यांना जाब विचारायला हवा होता ते बराच काळ सहीसलामत राहिले.

वाद समजून घ्यायचा तर आधी ‘मॅमी’ कोण हे पाहावे लागते. दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या घरात गोऱ्या मुलांना सांभाळणारी, जाडजूड, डोक्याला फडके बांधलेली, मालकांवर जीव ओवाळून टाकणारी गुलाम दाई, अशी ही प्रतिमा. गुलामगिरी संपल्यानंतर ती फिकी पडायला हवी होती, उलट ती अधिकच गडद झाली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘आंट जेमिमा’ या पिठाच्या जाहिरातीसाठी नॅन्सी ग्रीन या पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीला उभे केले गेले. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये मॅमीचे काम तोंडाला काळे फासून एका गोऱ्या नटीने केले. १९२३ साली तर ‘इमानी मॅमीं’चे स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभारण्याचा ठराव अमेरिकी सिनेटने मंजूर केला. ज्या सिनेटमध्ये कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्धचा कायदा आदल्याच वर्षी अडवला गेला होता, तीच ही सिनेट. कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांनी निषेधाचा एवढा गजर केला की ते स्मारक कधी झाले नाही. दगडातले स्मारक टळले, पडद्यावरचे टळले नाही.

हॅटीचा जन्म याच काळातला, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा. बहुतेक नोंदींत १८९३ हे साल आहे, काहींत १८९५. तेरा भावंडांत ती शेंडेफळ. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. वडील हेन्री यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतल्या कृष्णवर्णीय पलटणीतून लढले होते. आई सुझन चर्चमध्ये गाणारी. गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांच्या सन्मानार्थ जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ त्यांना अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्या मुक्ततेनंतर मुक्त झालेल्यांच्या ताटात काय पडले, ते हेन्रीच्या आयुष्यात दिसते. लढाईत अधू झालेल्या या सैनिकाला पेन्शनसाठी वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांशी झगडावे लागले आणि घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत कायम राहिली.

कुटुंब कोलोराडोत आले आणि डेन्व्हरमध्ये स्थिरावले. तिथल्या शाळेत गोऱ्या मुलांबरोबर शिकत असताना, १९१० साली, दारूबंदीसाठी काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या स्पर्धेत हॅटीने पाठांतराचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर शाळा सुटली आणि भाऊ ओटिसच्या फिरत्या मंडळीत ती गाऊ-नाचू लागली. १९१४ च्या सुमारास बहीण एटाबरोबर तिने फक्त स्त्रियांची मंडळी काढली. या काळाबद्दल जिल वॉट्स यांनी २००५ सालच्या चरित्रात जे खणून काढले आहे ते सगळ्या वादाला वेगळे वळण देणारे आहे. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर रंगमंचावर हॅटी मॅमीचीच नक्कल करून तिची टर उडवत असे. म्हणजे पुढे ज्या प्रतिमेची गुलाम म्हणून तिला हिणवले गेले, त्या प्रतिमेच्या चिंध्या तिने विशीतच उडवल्या होत्या. प्रतिमा खोटी आहे हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९२० च्या दशकात ती जॉर्ज मॉरिसनच्या वाद्यवृंदाबरोबर देशभर फिरली, डेन्व्हरच्या आकाशवाणी केंद्रावर गायली, ब्लूजच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांतली काही गाणी स्वतः रचलेली. १९२९ च्या मंदीने हे सगळे एका झटक्यात थांबले. मिलवॉकीजवळच्या एका नाइट क्लबमध्ये तिने स्त्रियांच्या स्वच्छतागृहात नोकरी धरली, आणि एका रात्री तिथेच गायची संधी मिळवली. १९३१ साली ती लॉस एंजेलिसला भाऊ सॅम आणि बहीण एटा यांच्याकडे आली. सॅमच्या ओळखीने रेडिओवर ‘हाय-हॅट हॅटी’ या नावाने ती गाजली, पण मानधन इतके तुटपुंजे की दिवसा लोकांच्या घरी कपडे-भांडी करावी लागत. तिने मोलकरणीच्या भूमिका केल्या हे सगळे सांगतात. त्याआधी आणि त्या सुरू झाल्यावरही काही काळ ती खरोखरच मोलकरीण होती, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

त्या वेळी कृष्णवर्णीय स्त्रीला शिक्षण घेऊनही घरकामापलीकडची नोकरी मिळणे दुरापास्त होते. हॅटीचे म्हणून एक उत्तर प्रसिद्ध आहे. मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा मोलकरणीचे सोंग करून सातशे मिळवलेले काय वाईट, असा त्याचा आशय. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्या वाक्याला कोणी निर्लज्जपणा म्हटले, कोणी रोखठोकपणा. मला ते तिच्या काळाच्या मजुरीचा हिशेब वाटते, आणि तो हिशेब बरोबर होता.

आता पडद्याकडे. १९३२ पासून तिने डझनावारी चित्रपट केले, त्यांतल्या कितीतरींत श्रेयनामावलीत तिचे नावसुद्धा नाही. जॉन फोर्डच्या ‘जज प्रीस्ट’ (१९३४) मध्ये तिचा आवाज प्रथम नीट ऐकू आला. ‘शो बोट’ (१९३६) मध्ये पॉल रोब्सनसमोर ती उभी राहिली आणि पुरून उरली. पण माझ्या मते ती काय करू शकत होती ते सर्वांत स्वच्छ दिसते जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘ॲलिस ॲडम्स’मध्ये (१९३५).

कॅथरिन हेपबर्नने रंगवलेली ॲलिस बेताच्या परिस्थितीतल्या घरातली. श्रीमंत तरुणाला जेवायला बोलावले आहे, म्हणून आपणही बडे आहोत असे दाखवायला एका रात्रीपुरती मलिना नावाची वाढपीण ठरवली आहे. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि पानात मात्र गरमागरम पदार्थांची रांग. मलिना च्युइंगगम चघळत, टोपी कपाळावर घसरलेली, कंटाळलेल्या चालीने आत-बाहेर करते. तिला फारसे बोलायला दिलेलेच नाही. डोळे, खांदे आणि पाय ओढत चालण्याची लय, एवढ्यावर ती त्या सगळ्या खोट्या थाटामाटाचा फुगा फोडते. कागदावर हा प्रसंग आळशी काळ्या नोकराणीवर हसण्यासाठी लिहिलेला आहे. पडद्यावर आपण ॲडम्स कुटुंबाच्या ढोंगाला हसतो, आणि मलिना हे सगळे ओळखून आहे हेही आपल्याला कळते. भूमिका लिहिणाऱ्याने दिलेला अर्थ नटीने असा उलटा फिरवलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. या प्रसंगात ती नायिकेला झाकोळून टाकते अशी तक्रार दक्षिणेतल्या काही गोऱ्या प्रेक्षकांनी केली, यातच तिची पावती आली.

अभ्यासकांत डोनाल्ड बोगल यांनी ही गोष्ट लवकर हेरली. हॉलिवुडमधल्या कृष्णवर्णीय साच्यांवरचे त्यांचे पुस्तक १९७३ साली आले. कृष्णवर्णीय अस्मितेच्या चळवळीचा तो ऐन भर. जुन्या नट-नट्यांना नावे ठेवणे सोपे होते. बोगल यांनी साच्यांवर कोरडे ओढले आणि त्याच वेळी नटांनी त्या साच्यांत काय भरले ते बारकाईने पाहायला शिकवले. हॅटीच्या मोलकरणी मालकांना बोल लावतात, त्यांच्यापुढे लाचार होत नाहीत, त्यांना आपल्याहून शहाणे समजत नाहीत. हे वाचन मला पटते, पण त्याचीही एक मर्यादा आहे. मालकिणीला खडसावणारी मॅमी शेवटी मालकिणीच्या भल्यासाठीच खडसावते. तिला स्वतःचे घर नाही, नवरा नाही, मूल नाही, रविवार नाही. नटीची चतुराई कितीही मोठी असली तरी पटकथेतली ही पोकळी ती भरून काढू शकत नव्हती.

‘गॉन विथ द विंड’बद्दल हेच म्हणावे लागते. निर्माता डेव्हिड सेल्झनिक मॅमीच्या शोधात होता तेव्हा या भूमिकेसाठी मोठी चढाओढ झाली. रूझवेल्ट यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करणाऱ्या एलिझाबेथ मॅक्डफी यांचीही चाचणी झाली. भूमिका हॅटीला मिळाली. चित्रपट गुलामगिरीला सोन्याचा मुलामा देतो. मार्गारेट मिचेलच्या कादंबरीतला वर्णद्वेषी अपशब्द चित्रपटात येणार होता. कृष्णवर्णीय वृत्तपत्रे आणि एनएएसीपी ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना यांच्या दबावामुळे तो गाळला गेला. मुलामा तसाच राहिला. हॅटीने त्यात काय केले हे पाहायचे तर जिन्याचा प्रसंग पाहावा. मालकाच्या लहान मुलीचा मृत्यू झाला आहे, घर उद्ध्वस्त झाले आहे, आणि मॅमी मेलनीला बरोबर घेऊन जिना चढता चढता सगळे सांगते. लांबलचक संवाद, चढत्या पायऱ्या, भरून येणारा श्वास. मेलनीच्या भूमिकेत ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड शेजारी आहे, तिचेही त्याच पुरस्कारासाठी नामांकन झाले होते. पुरस्कार कोणाला मिळणार हे त्या जिन्यावर ठरले, असे हा प्रसंग पाहणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात चित्रपटाचा भव्य शुभारंभ झाला. जॉर्जियाच्या भेदभावाच्या कायद्यांमुळे हॅटीसह एकाही कृष्णवर्णीय कलाकाराला त्याला जाता आले नाही. आदल्या रात्रीच्या समारंभात स्थानिक चर्चचा कृष्णवर्णीय गायकवृंद मात्र बोलावला होता, गुलामांच्या वेशात. त्यात दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता.

२९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसडर हॉटेलात ऑस्करचा सोहळा झाला. या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता. सेल्झनिकने शब्द टाकून तिच्यापुरती सवलत मिळवली. चित्रपटातल्या सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर तिला बसवले होते. फे बेन्टरने नाव पुकारले. आपण आपल्या समाजाला आणि चित्रपटव्यवसायाला भूषण ठरू अशी आशा हॅटीने भरल्या आवाजात व्यक्त केली आणि ती आपल्या टेबलावर परतली. तेव्हा सहायक भूमिकेच्या विजेत्यांना पुतळी मिळत नसे, एक छोटी पाटी मिळे.

त्यानंतर तिला मोठ्या भूमिका मिळाल्या असतील असे कोणालाही वाटेल. स्टुडिओने तिला मॅमीच्याच वेशात देशभर प्रसिद्धीसाठी फिरवले. पुढची काही वर्षे त्याच एप्रनमध्ये गेली.

याला एक लखलखीत अपवाद आहे, आणि तो जितका प्रसिद्ध असायला हवा तितका नाही. जॉन ह्यूस्टनच्या ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२) मध्ये तिने मिनर्वा क्ले ही मोलकरीण केली. मुलगा पॅरी कायद्याचा अभ्यास करतो. मालकाची मुलगी, म्हणजे बेटी डेव्हिस, गाडीखाली एका लहान मुलीला चिरडते आणि आळ पॅरीवर ढकलते. मुलगा त्या रात्री घरीच होता हे मिनर्वा सांगते तो प्रसंग काही मिनिटांचा. त्यात ना विनोद, ना आरडाओरडा. काळ्या मुलाच्या शब्दाला पोलीस ठाण्यात किंमत नाही हे पक्के ठाऊक असलेली आई तिथे बसली आहे. वांशिक भेदभाव खराखुरा दाखवला म्हणून युद्धकाळात सरकारी सेन्सॉरने या चित्रपटाला परदेशी प्रदर्शनाची परवानगी नाकारली. तिला अशा पाच-दहा भूमिका मिळाल्या असत्या तर आजचा वाद झालाच नसता.

याच वर्षी तो वाद पेटला. एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी हॉलिवुडची मोहीम उघडली. संघटनेचे अधिवेशन त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये भरले. रिपब्लिकन पक्षाचे माजी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वेंडेल विल्की यांना बरोबर घेऊन व्हाइट स्टुडिओप्रमुखांना भेटले आणि कृष्णवर्णीयांना सर्वसामान्य नागरिक म्हणून दाखवण्याची आश्वासने त्यांनी मिळवली. मागणी शंभर टक्के रास्त होती. जर्मनीच्या वंशवादाविरुद्ध लढणारा देश आपल्या पडद्यावर काय दाखवतो, हा प्रश्न विचारायला हवाच होता.

चूक झाली ती पद्धतीत. व्हाइट स्टुडिओच्या मालकांशी भोजने घेत बोलले. ज्यांचे पोट त्या भूमिकांवर होते त्या कलाकारांना त्यांनी विश्वासात घेतले नाही. मोलकरीण आणि हमालाच्या भूमिका बंद झाल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या नाहीत तर काय, हा हॅटी आणि तिच्या सहकाऱ्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. आणखी एक कटू धागा यात होता. व्हाइट स्वतः इतके उजळ आणि निळ्या डोळ्यांचे की अनोळखी माणूस त्यांना गोराच समजे. त्यांच्या पाठिंब्याने एमजीएम स्टुडिओशी करार झालेली गायिका-अभिनेत्री लीना हॉर्नही उजळ वर्णाची, सडपातळ. नव्या सन्मानाच्या कल्पनेत आपल्यासारख्या सावळ्या, स्थूल स्त्रीला जागाच नाही, असे हॅटीला वाटले. तिचे वाटणे चुकीचे म्हणायला मी धजणार नाही.

तरीही तिने लीनाशी वैर धरले नाही. बाकीचे जुने कलाकार लीनावर उखडले असताना हॅटीने तिला घरी बोलावून घेतले आणि दोन मुलांच्या आईने मिळेल ते काम बिनदिक्कत करावे असा धीर दिला. ही आठवण लीना हॉर्नने स्वतः सांगून ठेवली आहे.

लीनाचे पुढे काय झाले, हेच व्हाइट यांच्या मोहिमेचे खरे मूल्यमापन. तिला मोलकरीण केले नाही. एखाद्या खांबाला टेकून गाणारी देखणी गायिका केले. तिची गाणी कथेपासून सुटी ठेवलेली असत, म्हणजे दक्षिणेतल्या चित्रपटगृहांसाठी ती अलगद कापून टाकता येत. मेम्फिसचा सेन्सॉरप्रमुख लॉइड बिनफर्ड अशी कात्री चालवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. १९५१ च्या ‘शो बोट’मध्ये मिश्र वंशाच्या ज्युलीची भूमिका तिला हवी होती, ती ॲव्हा गार्डनरकडे गेली. तिच्याही आधीची फ्रेडी वॉशिंग्टन पाहा. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ (१९३४) मध्ये गोरी म्हणून जगू पाहणाऱ्या पिओलाची भूमिका तिने अशी केली की ती खरोखरच आपल्या समाजापासून पळू पाहते असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात ती ठाम उभी राहिली आणि १९३७ साली कृष्णवर्णीय कलाकारांची संघटना उभारण्यात तिने पुढाकार घेतला. चित्रपटांत मात्र तिला काम उरले नाही. मोलकरणीसाठी ती फार गोरी, नायिकेसाठी काळी. गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला हॉलिवुडच्या आचारसंहितेने बंदी घातली होती, त्यामुळे गोऱ्या नायकासमोर तिला उभे करणेच अशक्य. डोरोथी डँड्रिजला ‘कार्मेन जोन्स’साठी (१९५४) सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, कृष्णवर्णीय स्त्रीला मिळालेले पहिले. पुढे तिच्या तोलाच्या भूमिका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९६५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

सावळी, उजळ, स्थूल, सडपातळ, हो म्हणणारी, नाही म्हणणारी: प्रत्येकीला भिंत लागली. तेव्हा भिंत बांधणाऱ्यांकडे बोट न दाखवता भिंतीशी अडलेल्या एका बाईला किती दिवस प्रश्न विचारायचे? आपल्याकडे हिंदी चित्रपटांत घरकामाची बाई म्हटली की लुगडे नेसलेली, मराठी वळणाचे हिंदी बोलणारी बाई वर्षानुवर्षे दाखवली गेली. ते खटकलेल्या मराठी प्रेक्षकाने राग धरला तो लिहिणाऱ्यांवर. ती भूमिका करून घर चालवणाऱ्या मराठी नटीला कोणी समाजद्रोही म्हटले नाही. त्यामागे गुलामीचा इतिहास नाही, म्हणून हे उदाहरण इथेच सोडतो. पण राग कुठे धरावा हे त्यातून कळते.

हॅटीच्या वादात जवळजवळ विसरली गेलेली गोष्ट म्हणजे तिचे घर. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात ‘शुगर हिल’ नावाची उच्चभ्रू वस्ती होती. तिथल्या जमिनींच्या करारांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी कलमे घातलेली. तरीही हॅटी, तिच्यासारख्याच अभिनेत्री एथेल वॉटर्स व लुईज बीव्हर्स आणि इतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे घरे घेतली. काही गोरे शेजारी त्यांना हुसकावण्यासाठी कोर्टात गेले. हॅटीने शेजाऱ्यांना एकत्र आणले, आपल्या घरी बैठका घेतल्या. वकीलपत्र लॉरेन मिलर या नाणावलेल्या कृष्णवर्णीय वकिलांनी घेतले. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. असल्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात दिला तो १९४८ साली, आणि त्याला जोडलेल्या एका खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत थर्गुड मार्शल यांच्याबरोबर हेच मिलर होते. पडद्यावर मालकांची घरे झाडणाऱ्या बाईने प्रत्यक्षात घराच्या हक्काची लढाई लढली आणि जिंकली. ज्या एनएएसीपीने तिच्या भूमिकांवर टीका केली तिच्याच ध्येयाला या लढाईने हातभार लावला, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच शुगर हिलच्या मधून पुढे सरकारने महामार्ग काढला आणि वस्ती चिरली गेली.

नंतरची वर्षे उताराची. डिस्नेचा ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) हा मळ्यावरचा गोडगुलाबी काळ रंगवणारा चित्रपट. त्याचे समर्थन मला करता येत नाही, आणि तिचे त्यातले कामही तिच्या लौकिकाला साजेसे नाही. १९४७ पासून ‘ब्यूला’ या रेडिओ मालिकेत तिने मुख्य भूमिका केली. ब्यूला हीसुद्धा मोलकरीण. पण आधी हे पात्र मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष आवाज काढून वठवत असे, हे विसरता येत नाही. राष्ट्रीय वाहिनीवरच्या रेडिओ मालिकेची मुख्य अभिनेत्री झालेली हॅटी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. हेंगाडे, मोडकेतोडके ‘काळे’ इंग्रजी बोलणार नाही आणि न पटणारा मजकूर बदलून घेईन, अशा अटी तिने घातल्या. तिला वाटाघाटीची ताकद मिळाली तेव्हा तिने ती कशासाठी वापरली, हे यावरून कळते. ब्यूला दूरचित्रवाणीवर आली तेव्हा एथेल वॉटर्सनंतर ही भूमिका हॅटीकडे आली, पण थोडे भाग होतात तोवर कर्करोगाने तिला गाठले. २६ ऑक्टोबर १९५२ ला ती गेली.

हॉलिवुडच्या दफनभूमीत पुरावे अशी तिची इच्छा होती. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी, म्हणून नकार आला. तिला रोझडेल दफनभूमीत पुरले. १९९९ साली त्याच हॉलिवुडच्या दफनभूमीत तिचे स्मारक उभारण्यात आले, आणि २००६ साली टपाल तिकीट निघाले. ऑस्करची पाटी तिने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला द्यायला सांगितली होती. ती तिथे पोहोचली आणि साठ-सत्तरच्या दशकांत कधीतरी नाहीशी झाली. विद्यार्थी चळवळीच्या संतापात कोणी ती पोटोमॅक नदीत फेकली अशी वदंता आहे. तिला पुरावा नाही. पण अशी वदंता पसरावी आणि लोकांना ती खरी वाटावी, यातूनच त्या पिढीचा तिच्यावरचा राग कळतो. तो राग खोटा नव्हता. तरुणपणी मिशिगनमधल्या चित्रपटगृहात ‘गॉन विथ द विंड’ पाहताना, तिथे आपण एकटेच कृष्णवर्णीय असल्याने त्यातल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय नटीचे, बटरफ्लाय मॅक्वीनचे, काम बघून शरमेने कसे मेल्यासारखे झाले, हे मॅल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या मुलाची शरम खरी होती. तिचे देणेकरी सेल्झनिक आणि त्यांचे पटकथालेखक होते.

हॅटीनंतर अभिनयाचे ऑस्कर मिळालेली दुसरी कृष्णवर्णीय स्त्री व्हूपी गोल्डबर्ग, १९९१ साली. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. प्रमुख भूमिकेसाठी हॅली बेरीला २००२ मध्ये मिळाले, आणि २०२५ च्या सोहळ्यापर्यंत त्या रांगेत दुसरे नाव आले नव्हते. २०१० साली मोनीकने ‘प्रेशस’साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार घेताना हॅटीचे आभार मानले, आणि तिच्यासारखीच केसांत गार्डेनियाची फुले माळली होती. दोनच वर्षांनी ऑक्टेव्हिया स्पेन्सरला हाच पुरस्कार मिळाला तो ‘द हेल्प’मधल्या मोलकरणीसाठी. त्याच चित्रपटातल्या व्हायोला डेव्हिसने, मोलकरणींचा आवाज त्या चित्रपटात नीट ऐकू आलाच नाही, अशी खंत नंतर मोकळेपणाने बोलून दाखवली. सत्तर वर्षांत इतका फरक मात्र पडला की असे बोलूनही तिला काम मिळत राहिले. हॅटीच्या काळात असे बोलणाऱ्या नटीचा करार संपला असता.

२०२० साली ‘गॉन विथ द विंड’ एका प्रक्षेपण सेवेने काही दिवस काढून घेतला आणि जॅकलिन स्ट्युअर्ट या कृष्णवर्णीय चित्रपट-अभ्यासक प्राध्यापिकेची प्रस्तावना जोडून परत दाखवला. मला हा मार्ग योग्य वाटतो. चित्रपट दडवला की त्याचा खोटेपणा झाकला जातोच, हॅटीचे कामही दडले जाते. १ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्कर अकादमीने हॉवर्ड विद्यापीठाला तिच्या पाटीची नवी प्रत दिली. मूळ पाटीचा पत्ता लागलेला नाही.

हॅटी मॅक्डॅनियलने तिला मिळालेल्या प्रत्येक भूमिकेतून पटकथेने दिले त्याहून अधिक दिले. तिला त्याहून मोठ्या भूमिका न देण्याचा दोष सर्वस्वी स्टुडिओंचा, त्यांच्या आचारसंहितेचा आणि ती मान्य करणाऱ्या प्रेक्षकांचा आहे. वाचकांना विनंती एवढीच की तिच्याबद्दल मत बनवताना ‘गॉन विथ द विंड’वर थांबू नका. ‘ॲलिस ॲडम्स’मधले ते जेवण आणि ‘इन धिस अवर लाइफ’मधला मिनर्वाचा प्रसंग मिळवून पाहा.